आखाजीची घागर

१३ एप्रिल १९३६, सोमवार. मुंबई, धर्मशाळा

आगबोट आजही निघाली नाही. यंत्रात काही बिघडलं आहे म्हणे. गेल्या बुधवारी निघणार होती, आता या बुधवारी निघेल असं सांगतात. तोवर आम्ही सासवा-सुना धर्मशाळेच्या ओसरीत बसून एका मातीच्या घागरीची राखण करतो आहोत.

घागरीचं आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्यावर चिडले तर का ते लक्षात राहील. माझे सासरे, उखाबाबा, गेल्या कार्तिकात वारले. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, नैवेद्य दाखवायचा. त्या वर्षी वारलेल्याची घागर तर चुकवायचीच नाही, नाहीतर जीव तहानलेला राहतो. भरायची मुलाने, आमच्या बोलीत आंडोरने. आणि मुलगा आहे आफ्रिकेत, मोंबासा गावी, लाकडाच्या वखारीत नोकरीला. म्हणून सासूबाईंनी शहाद्याच्या कुंभाराकडून घागर घेतली आणि आमच्या कळसाडी गावाहून निघालो. प्रकाशा गावी तापी ओलांडताना तांब्याच्या लहान लोट्यात तापीचं पाणी भरून तोंड मेणाने बंद केलं. नंदुरबारला आगगाडीत बसल्यापासून घागर त्यांच्या मांडीवर. बाकीची सगळी बोचकी माझ्या डोक्यावर.

मी एकदा म्हटलं, घागर काय मोंबासाला मिळणार नाही का? तर म्हणाल्या, "तठली माती त्यासले वळखी का?"

मला हात लावू देत नाहीत तिला. सुरतेला गाडी थांबली तेव्हा जरा सरकवायला गेले तर, "ऱ्हाऊ दे, तू नको." आता का नको ते मला कळत नाही असं थोडंच आहे. लग्नानंतर हे एक पावसाळा घरी राहिले आणि गेले. त्याला सहा वर्षं झाली. मूल नाही. मूल काय तारेने येतं? पण बायका बघायचं तसं बघतातच, आणि सासूबाई बाईच आहेत.

ह्यांचं नाव इथे लिहीत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर लिहायचं तरी कशाला. माझे वडील नंदुरबारच्या शाळेत मास्तर, त्यांनी ही कोरी वही ट्रंकेत टाकली आणि म्हणाले, दिसेल ते लिही, लपवू नकोस. तेवढं पाळीन.

१५ एप्रिल, बुधवार. बोटीवर

एकदाची निघाली. मुंबईचे दिवे मागे जाताना मी हसत होते. सहा वर्षं ज्या बोलावण्याची वाट पाहिली ते आलं आहे.

आमच्याकडच्या लोटनभाऊंनी आणलं ते. तेही मोंबासालाच असतात, पौषात गावी आले होते. खळ्यावर सासूबाईंशी बराच वेळ बोलत बसले. मी चहा घेऊन गेले तर दोघं गप्प झाली. ते गेल्यावर सासूबाई कडब्याच्या गंजीला टेकून उन्हात बसून राहिल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "तुले बलायेल शे. मी बी येस."

मला बोलावलंय, आणि ह्याही येणार! घराला कुलूप लावलं, शेत झिपरूकाकांना वाट्याने दिलं. लेकावरची मालकी सुनेच्या हाती एकदम जाऊ द्यायची नाही, दुसरं काय. बाबा असते तर सासूबाईंना म्हणाले असते, "कौसा, पोरले जाऊ दे ना एकली." बाबा माझ्या बाजूचे होते.

१७ एप्रिल, शुक्रवार

काल लिहिलं नाही. काल मी माणसात नव्हते. पोटात होतं नव्हतं ते सगळं समुद्राला दिलं. सासूबाईंना काही झालं नाही. बैलगाडीत जन्म गेला, त्यांना हे हलणं पाळण्यासारखं वाटतं. एका हाताने माझं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने घागर. दोन्ही सोडलं नाही, हे लिहिलं पाहिजे.

आम्ही डेकवर आहोत. वर ताडपत्री, खाली फळ्या. प्रत्येकाने ट्रंका मांडून आपापलं घर आखून घेतलं आहे. पलीकडे पोरबंदरची एक बाई आहे, तिचं मोंबासाला दुकान, ही तिची चौथी खेप. आम्ही तिला पोरबंदरवालीच म्हणतो. पिण्याचं पाणी सकाळ-संध्याकाळ नळाला सोडतात, माणशी एक लोटा. अंघोळीला खारं, हवं तेवढं.

१९ एप्रिल, रविवार

आज काहीच झालं नाही. रोजच काही होत नाही, पण आज ते फारच जाणवलं.

सकाळी समुद्र, दुपारी समुद्र. पुरुष पत्ते खेळतात. पोरबंदरवाली जप करता करता झोपते आणि जागी झाली की पुढचा मणी ओढते. वरच्या मजल्यावरचे साहेब लोक दोरीची कडी फेकून खुंटीत अडकवायचा खेळ खेळतात. मी खालून बघत होते. चुकली की हसतात, अडकली तरी हसतात.

हाल आहेत ते सासूबाईंचे. या बाईला नुसतं बसणं ठाऊक नाही. पहाटे उठून शेण, झाडलोट, ढोरं, शेत, आणि संध्याकाळी हातात निवडायचं धान्य. इथे उठतात आणि काय करावं ते कळेना म्हणून परत बसतात. काल आमच्याकडची डाळ निवडून झाली. मग तांदूळ निवडले. मग निवडलेली डाळ परत निवडली. आज सकाळी सूप घेऊन डेकभर फिरल्या, ज्याच्या त्याच्याकडे धान्य मागत. लोकांना आधी वाटलं भिक्षा मागते आहे! एका मेमण बाईने मूठभर तांदूळ घातले, तर ह्यांनी तिथेच बसून खडे काढले आणि तांदूळ परत दिले. मग कळल्यावर रांगच लागली. दुपारपर्यंत अर्ध्या बोटीचं धान्य निवडून झालं. सोवळं-ओवळं कुठे गेलं ते मी विचारलं नाही.

धान्य संपलं. मग एका रत्नागिरीकडच्या खलाशाला गाठलं. म्हणाल्या, "आरे भाऊ, मले काही काम दे ना. बठी बठी मन्हा पाय दगड व्हई गयात." त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण जुन्या दोरखंडाचा एक गुंता दिला सोडवायला. संध्याकाळपर्यंत पुरला. तो परत न्यायला आला तर म्हणाल्या, गुंतवून आण.

उडणारे मासे दिसले. मी ओरडून दाखवले. त्यांना टोळधाड वाटली, पदर हलवून हाकलायला लागल्या. मी इतकी हसले की पोरबंदरवाली जप सोडून उठली. सासूबाईही हसल्या. मग समुद्राकडे बघत म्हणाल्या, "हाई रान कोनी शिवारमा शे?" मी म्हटलं, कोणाच्याच नाही. ते काही त्यांना पटलं नाही. इतकी जागा आणि कोणाची नाही?

एक गोष्ट मात्र आवडली नाही. दुपारी मी झोपले आहे असं समजून दोघी बोलत होत्या. सासूबाई विचारत होत्या, तिथे गेलेले लोक घर कसं करतात, जेवणखाण कोण बघतं. पोरबंदरवाली हळू आवाजात म्हणाली, "बा, बधा एकला नथी रेता." सगळेच काही एकटे राहत नाहीत म्हणे. पुढचं ऐकू आलं नाही. मी उठून बसले तर दोघी घागरीबद्दल बोलायला लागल्या. माझ्या पाठीमागे माझ्या वांझपणाची चर्चा चालली असणार. चार दिवसांच्या ओळखीच्या बाईपुढेसुद्धा!

२० एप्रिल, सोमवार

एक घोटाळा लक्षात आला आहे आणि तो मी कोणाला सांगितलेला नाही.

वडिलांनी दिलेलं पंचांग काढून बघितलं. आखाजी शुक्रवारी, चोवीस तारखेला. बोट मोंबासाला लागणार रविवारी. म्हणजे आखाजीला आम्ही भर समुद्रात. मुंबईत आठवडा गेला तेव्हाच हे कळायला हवं होतं, पण मी बाकीचंच मोजत बसले होते, आणि सासूबाई आपल्या "पोचसूत, पोचसूत" म्हणत होत्या. त्यांना सांगितलं तर बोट डोक्यावर घेतील. नाही सांगितलं तर अमावास्येनंतर चंद्र सांगेलच.

खरं सांगायचं तर मला त्यांची नाही, बाबांची काळजी वाटते. शेवटच्या आजारात बाबांना सारखी तहान लागायची. जीभ कोरडी, डोळे दाराकडे. "शोभा, पानी." मी चमच्याने घालायची. शेवटचं पाणीही त्यांनी माझ्या हातून घेतलं. सासूबाई तेव्हा गोठ्यात गेल्या होत्या, धावत आल्या तोवर संपलं होतं. त्यावर त्या मला कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. पण तो मान त्यांचा होता आणि मला मिळाला, हे त्यांच्या मनात आहे. मला घागरीला हात लावू न देण्याचं तेही कारण असेल.

आजपासून मी माझ्या वाटच्या पाण्यातलं अर्धं पितळी डब्यात ठेवते आहे. झाकण घट्ट आहे. आखाजीला घागर भरायची वेळ आलीच तर पाणी तर हवं. समुद्राचं खारं पाणी बाबांना कसं द्यायचं?

२२ एप्रिल, बुधवार

सेशेल्स नावाच्या बेटापाशी बोट थांबली. डोंगर, झाडी, आपल्या सातपुड्याचा तुकडा कापून पाण्यात टाकावा तसं. डोळ्यांना हिरवं दिसलं आणि मला एकदम रडू आलं. सासूबाई म्हणाल्या, डोळ्यांत वारा गेला असेल. त्यांच्याही गेला होता.

आम्हाला उतरू दिलं नाही. होड्यांतून लोक फळं विकायला आले. सासूबाई कठड्यावरून ओरडत होत्या, "डांगर शे का? डांगर?" हाताने गोल करून दाखवलं. त्या होडीवाल्याने नारळ दाखवला, मग अननस, मग एक टोपी. शेवटी एक पपई घेतली. सासूबाई तिच्याकडे नाराजीने बघत होत्या. "त्यासनी कधी पपई खादी नही."

म्हणजे त्यांच्याही मनात आखाजीचा हिशेब चालू आहे! दोघी एकमेकींपासून लपवतो आहोत.

घसा कोरडा पडतो आहे. डबा पाऊण भरला.

२३ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी सूर्य पाण्यात गेला तसं सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "ती देख. बीजनी कोर." नखाएवढा चंद्र. "सकाय आखाजी."

आणि बसल्याच. ओरडल्या नाहीत, बोटीला शिव्या दिल्या नाहीत. ते परवडलं असतं. घागरीभोवती गुंडाळलेली गोदडी सोडली, आत हात घालून फिरवला आणि परत गुंडाळली. म्हणाल्या, "आंडोरना हात नही. पानी बी नही. तहान्याच ऱ्हातीन ते." मग तोंडाला पदर लावून रडल्या. बाबा गेले तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि त्या सगळ्यांना चहाचं विचारत होत्या.

काय करावं मला सुचेना. त्यांना म्हटलं, आत्या, तुम्ही जेवा. जेवल्या नाहीत. मलाही घास गिळवेना. पाणी नाही म्हणून की काय, उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ट्रंकेवर आपटले.

त्यांनी मला आडवं केलं, माझे ओठ बघितले. ओठ फुटले होते. मग इकडेतिकडे शोधून डबा काढला, झाकण उघडलं. मला वाटलं आता ऐकवणार. ऐकवलंच.

"तू पानी पित नही? जीव देवाना शे का तुले?"

मी म्हटलं, "बाबासाठे ठेवेल शे."

त्या डब्यात बघत राहिल्या. माझ्या तोंडाला आपला स्वतःचा लोटा लावला आणि सगळा संपेपर्यंत काढला नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार. आखाजी

पहाटेच उठवलं मला. खाऱ्या पाण्याने अंघोळ घातली, लहान मुलीला घालावी तशी, पाठ घासून. मग घागर माझ्यापुढे ठेवली.

"भर."

मी म्हटलं, मी कशी भरू? मुलाने भरायची असते. तुम्हीच सांगितलंत, तू नको म्हणून.

तर म्हणाल्या, "त्यासनी शेवटलं पानी तुन्हाच हातनं पिधं. तधळ बी आंडोर नही व्हता. आते बी नही. भर पोरी."

आणखी एक म्हणाल्या ते लिहिते. मला वाटत होतं त्या सल धरून आहेत, तर त्या म्हणाल्या की त्या दिवशी गोठ्यात मुद्दाम थांबल्या होत्या. बाबांचा जीव जाताना बघवणार नव्हता. "तू व्हतीस म्हनीसन मी बाहेर ऱ्हायनू." आणि मी महिनोन्महिने काय काय समजून बसले होते!

मी भरली. आधी प्रकाशाच्या लोट्याचं मेण फोडून तापीचं पाणी घातलं, मग माझ्या डब्यातलं. घागर अर्धी झाली. तेवढ्यात सासूबाईंनी आपल्या गाठोड्यातून एक बरणी काढली. तीही पाण्याने भरलेली. त्याही साठवत होत्या! आदल्या रात्री मला स्वतःच्या वाटचं पाजूनही त्यात होतं. दोघी त्या दोन भांड्यांकडे बघून आधी हसलो आणि मग नीट रडलो.

घागरीवर पपई ठेवली. गुळाचा शिरा भटारखान्यातून करून आणला. विस्तवावर बाबांच्या नावाने घास टाकायचा तर डेकवर विस्तव करू देईनात. रत्नागिरीवाल्या खलाशाने मला भटारखान्यात आत नेलं, तिथल्या कोळशांवर मी शिऱ्याचा घास आणि तूप टाकलं. बाबांना हाक मारली, या म्हटलं, पाणी भरलं आहे. एवढं लांब यायला त्यांना जमलं असेल का? मला तरी वाटलं की आले.

घागरीच्या तोंडाला फडकं बांधून सावलीत ठेवली. वाऱ्याने पाणी कसं गार झालं आहे. पोरबंदरवालीने सहज घोटभर मागितलं तर सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "रागे भरू नको बाई. हाई पानी घरना मानसेच पितीन."

दुपारी खलाशाने दोरखंड आणून ताडपत्रीच्या लोखंडी दांडीला बांधला आणि झोका झाला. आखाजीला माहेरी झोका असतो हे त्याला सासूबाईंनी खाणाखुणा करून सांगितलं असणार. डेकवरच्या सगळ्या बायका बसल्या, मेमण, भाटिये, सगळ्या. आखाजीला पुरुषांनी पत्ते खेळायचे, ते तर सकाळपासून खेळतच होते, म्हणजे त्यांचीही आखाजी आपोआप झाली. मला सासूबाईंनी झोका दिला. बोट एकीकडे कलायची, झोका दुसरीकडे. मी गाणं म्हटलं. पाठीमागून त्या म्हणाल्या, "बठी ले पोरी, बठी ले. सासरमा झोका कोन देस."

मी म्हटलं, तुम्ही आहात की. त्यांनी जोरात झोका दिला.

२५ एप्रिल, शनिवार

उद्या मोंबासा. मी नवं लुगडं काढून ठेवलं. आरसा लहान आहे, त्यात एका वेळी अर्धंच तोंड दिसतं. ओठ अजून फुटलेले आहेत. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला मी ओळखू येईन का? मला ते येतील का? नंदुरबारहून वडिलांनी तार केली आहे, म्हणजे धक्क्यावर असतीलच.

सासूबाई दिवसभर मला शिकवत होत्या. "घरमा गयी का चुलीजोडे जाईसन बठ. कोनी काही बी बोलो, उठू नको." मी म्हटलं, मला कोण काय बोलणार आहे तिथे? त्यांनी आपल्या हातातले चांदीचे गोट काढून माझ्या हातात चढवले. म्हणाल्या त्यांना सैल होतात. मला तर घट्ट होतात.

संध्याकाळी माझी वेणी घातली. दोनदा चुकली म्हणून सोडून परत घातली. वय झालं आता.

२७ एप्रिल, सोमवार. मोंबासा

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिणार आहे. वडील म्हणाले होते लपवू नकोस.

धक्क्यावर ते होते. ओळखले मी. थोडे जाड झाले आहेत. आईच्या पाया पडले, माझ्याकडे बघितलं आणि लगेच ट्रंकेकडे बघितलं. मी घागर डोक्यावर घेऊन उभी होते. बोटीवरून उतरताना सासूबाईंनी ती स्वतः माझ्या डोक्यावर दिली, आणि चुंबळही त्यांनीच वळली.

ते म्हणाले, "माय, घर लहान शे. तुम्हनी सोय मी धरमशाळामा करेल शे."

सासूबाई म्हणाल्या, "घर दखाड."

पुन्हा काहीतरी सांगायला लागले, ऊन फार आहे, दमला असाल. "घर दखाड." तिसऱ्यांदा मात्र ओरडल्या. आजूबाजूचे हमाल थांबून बघायला लागले. मग ते मुकाट्याने पुढे चालू लागले. वाटेत मला कळलं होतं का? कळलं असावं. पण घागर डोक्यावर असली की मान हलवता येत नाही, तसं काहीतरी झालं होतं. मी सरळ चालत राहिले.

पत्र्याचं घर. दारात एक बाई उभी होती, तिथलीच, माझ्याच वयाची. हाताला पीठ लागलेलं. तिला धरून एक तीन वर्षांचं पोर. पोराचं कपाळ आणि भुवया बाबांच्या होत्या. उखाबाबा पुन्हा लहान होऊन दारात उभे राहिले असते तर असेच दिसले असते. ती बाई माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. ती जितकी घाबरली होती तितकं मी कोणाला घाबरलेलं पाहिलेलं नाही. तिलाही कोणी काही सांगितलं नव्हतं.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांना धक्का बसला नव्हता. तेव्हा सगळं लख्ख झालं. खळं, लोटनभाऊ, पोरबंदरवाली, गोट, चुलीजवळ बस, सगळं.

"तुमले ठाऊक व्हतं?"

"लोटननी सांगं व्हतं."

"मंग मले का बरं नही सांगं?"

"सांगं असतं ते तू उनी असती का?" मग म्हणाल्या, "अन् उनी असती ते तुले एकलीले मी कशी येऊ देतू?"

कोणी बोलावलं नव्हतं मला. त्यांनी आणलं होतं. घर, शेत, गाव सोडून, या वयात, माझ्या पुढे उभं राहायला आल्या होत्या. आणि मी वहीत काय काय लिहीत होते.

ते दारात आडवे उभे होते, "माय, तू समजी ले" असं काहीतरी बोलत. सासूबाईंनी त्यांना हाताने बाजूला केलं.

"तुन्हा बापनी घागर हिनी भरी. भर समुद्रमा, सोतानी तहान मारीसन. तू कोठे व्हतास? या घरमा पहिला पाय हिना."

मी आत गेले. रडू येत होतं, राग येत होता, आणि परत फिरावंसंही वाटत होतं. पण चुलीजवळ गेले, घागर खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. कोणी काही बोललं असतं तरी उठले नसते.

ते पोर तेवढं आईचा हात सोडून आलं, घागरीला दोन्ही तळवे लावून उभं राहिलं आणि गार लागलं म्हणून हसलं. मग तोंडाकडे हात नेला. पाणी.

मी सासूबाईंकडे बघितलं. घरच्यांनीच प्यायचं पाणी ते. त्या म्हणाल्या, "तू भरी, तूच देख." आणि तोंड फिरवून पदराने नाक पुसायला लागल्या.

त्या बाईची चूक काय, आणि पोराची तर काय? सगळा वेळ मी तेच मनात घोळवत होते. फडकं सोडलं, लोटा बुडवला, पोराच्या तोंडाला लावला. गटागटा प्यायलं, बाबांसारखं, डोळे मिटून. मग त्याच्या आईला दिलं. तिने आधी पीठ पुसलं, मग ओंजळ केली. मग सासूबाईंना दिलं, मग मी घेतलं. तापीची चव होती का नव्हती, कळलं नाही. गार होतं.

पुढे काय, मला ठाऊक नाही. राहीन की परत जाईन, या घरात कोणी कुठे झोपायचं, काही ठरलेलं नाही. सासूबाई आत्ता त्या बाईचं पीठ चाळून देत आहेत आणि ती त्यांना चाळणी कशी धरायची ते शिकवायला जाते आहे. कालचं एवढंच राहिलं आहे ते लिहिते, नवऱ्याच्या नावासकट.

सगळ्यांचं पिऊन झाल्यावर भिला पुढे आला. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने ओंजळ पुढे केली.

मी घागरीवर फडकं बांधलं.